काउंटरपलीकडून : मुंबईतला मुक्काम, मुंबईतलं जेवण

मुंबईच्या सहलीबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. गठ्ठाभर पत्रं आली. मला न ओळखणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो: दादर टी.टी.जवळच्या एका लॉजमध्ये मी एकतीस वर्षं काउंटरवर बसलो. मालक दुसरे, मी पगारी. स्वयंपाकात मला चहापलीकडे गती नाही, पण कोण कुठे जेवून आलं आणि काय तोंड करून आलं, हे रोज रात्री समोरून बघितलंय.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे खायची जागा आणि ‘लॉज’ म्हणजे राहायची. आमच्या पाटीवर ‘हॉटेल’ होतं, म्हणून आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी आत येऊन “मिसळ आहे का?” विचारायचं. खाली हे दोन्ही शब्द मराठी अर्थानेच वापरलेत.

आम्ही पाच जण आहोत : मी, हे, १२ आणि ७ वर्षांची मुलं आणि सासूबाई. डिसेंबरात तीन दिवस मुंबईला येतोय. गाडी सकाळी साडेसहाला दादरला पोचते, पण लॉजवाले म्हणतात खोली दुपारी १२ वाजता मिळेल. तोवर सासूबाईंना घेऊन कुठे बसायचं? आणि राहावं दादरला की फोर्टात? अंधेरीत नातेवाईकही आहेत. (वाचक, अकोला)

वहिनी, तुमच्यासारखी कुटुंबं मी हजारोंनी पाहिली. विदर्भातल्या गाड्या पहाटे-सकाळी येतात, आणि सात वाजता लॉबीतल्या बाकावर आजी डोळे मिटून बसलेली, मुलं बॅगांवर झोपलेली आणि वडील रस्त्याकडे बघत उभे, हे चित्र ठरलेलं. वडील काही विचारत नसत. फोनवर १२ सांगितलंय म्हणजे १२, असं धरून चालत.

आता माझ्या बाजूचं सांगतो. माझ्या पाठीमागे किल्ल्यांचा फळा असायचा. खिळ्याला किल्ली असली तर खोली रिकामी. किल्लीला लाल दोरा बांधला असला तर रिकामी, पण अजून झाडायची. सकाळी सातला त्या फळ्यावर दोन-तीन लाल दोरे असायचेच, कारण पहाटेचं विमान पकडणारे चार वाजताच गेलेले असत. रूम बॉयला हाक मारली की वीस मिनिटांत खोली तयार. पण ती हाक मी आपणहून मारत नसे. मालकांची ताकीद होती, विचारतील त्यांनाच द्यायची, आणि वर अर्ध्या दिवसाचं भाडं लावायचं. ज्यांनी गोड बोलून विचारलं त्यांना मी कितीदा तरी फुकट दिलीय.

तेव्हा आदल्या दिवशी फोन करा आणि हेच शब्द वापरा: “आमची गाडी साडेसहाला येतेय, सोबत वयस्कर बाई आहेत. लवकर खोली द्याल का, आणि जादा किती घ्याल?” आकडा सांगितला तर ठीक. “आल्यावर बघू” म्हणाले तर ते नाहीच समजा, आणि किमान सामान ठेवायला आणि तोंड धुवायला जागा मिळेल का ते विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी मिळते. आणखी एक विचारायचं: तुमच्याकडे १२ ते १२ आहे की २४ तास? जुन्या लॉजमधून अजून २४ तासांचा हिशोब चालतो, म्हणजे सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत खोली तुमची. सकाळच्या गाडीने येणाऱ्याला हे सोयीचं. पण परतीची गाडी रात्रीची असेल तर हाच हिशोब तुमच्यावर उलटतो आणि शेवटचा अख्खा दिवस बॅगा सांभाळण्यात जातो. सीएसएमटीला क्लोक रूम आहे. बॅगेला कुलूप हवं आणि जवळ रेल्वेचं तिकीट हवं. चेन लटकणारी बॅग ते घेत नाहीत.

स्टेशनातली रिटायरिंग रूमही आहे. पक्क्या तिकिटाच्या पीएनआरवर ती आयआरसीटीसीवरून घेता येते. तुम्ही पाच जण, त्यामुळे पहिल्या सकाळपुरती सासूबाईंसाठी मिळाली तर बघा, नाही मिळाली तर त्यासाठी झुरू नका.

आता दादर की फोर्ट. मी दादरचा, तेव्हा पक्षपात गृहीत धरा. पण कारण देतो. दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही लोकल, आणि आता भुयारी मेट्रोही. ९ ऑक्टोबर २०२५ पासून ती पार कफ परेडपर्यंत जाते. दादरहून एक स्टेशन पुढे सिद्धिविनायक, त्याच मार्गावर नेहरू विज्ञान केंद्रासाठी सायन्स सेंटर, मग सीएसएमटी, हुतात्मा चौक. सात वर्षांचं मूल आणि सासूबाई यांना लोकलच्या गर्दीत कोंबण्यापेक्षा हे किती बरं! फोर्टात राहिलात तर गेटवे पायी गाठता येतं, हे खरं. पण रविवारी फोर्ट ओस पडतो, खायची अर्धी ठिकाणं बंद असतात, आणि त्याच पैशात खोली लहान मिळते. अंधेरीत नातेवाईक असल्याचं तुम्ही लिहिलंय. त्यांना एक संध्याकाळ द्या, मुक्काम नको. येण्या-जाण्यातच सहल संपेल.

तारखा मात्र बघून ठरवा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर महाराष्ट्रभरातून लोक येतात. त्याच्या आधीचे दोन दिवस धरून दादरला खोली मिळणं अवघड, आणि शिवाजी पार्कच्या बाजूचे रस्तेही बदललेले असतात. अभिवादनालाच येत असाल तर गोष्ट वेगळी. नुसती सहल असेल तर १० तारखेनंतर या आणि नाताळच्या आत परता, कारण २४ पासून भाव चढतात. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, राणीबाग बुधवारी बंद. राणीबागेतले पेंग्विन बघायचेत असं धाकट्याने म्हटलंच असेल.

खोलीचं म्हणाल तर पाच जणांना एक डबल रूम आणि दोन ज्यादा गाद्या, असं गणित करू नका. गादी जमिनीवर टाकली की बाथरूमला जायची वाट बंद होते. तीन-चार खाटांची फॅमिली रूम विचारा, नाहीतर शेजारच्या दोन साध्या खोल्या घ्या. जीएसटी आता हलका झालाय: २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, आधी १२ होता. म्हणजे २,४०० च्या खोलीवर २८८ ऐवजी १२० रुपये. “कर धरून किती?” हे फोनवरच विचारून ठेवा.

आणि रजिस्टरवर सही करायच्या आधी खोली बघा. लोक गादी दाबून बघतात, त्याने काही कळत नाही. उशीचा अभ्रा काढून आतली उशी बघा. पिवळी, डागाळलेली असेल तर बाकीचं बघायची गरज नाही. नळ सोडून फ्लश ओढा, दोन्ही एकदम चालतात का पाहा. गरम पाणी किती ते किती, ते विचारा. आमच्याकडे सहा ते नऊ होतं आणि सव्वानऊला रोज भांडण. दाराची आतली कडी लावून बघा. लिफ्टला लागून खोली नको, रात्रभर दाराचा खडखडाट. खिडकीखाली जनरेटर नाही ना, तेही बघा. खोली पटली नाही तर “दुसरी दाखवा” म्हणा. त्यात कुणाचा अपमान होत नाही. माझा तरी कधी झाला नाही.

मुंबईत एका रेस्टॉरंटमध्ये ६४० रुपयांचं खाल्लं आणि बिल आलं ७३९ रुपये २० पैसे. ‘एससी १० टक्के’ असं काहीतरी होतं. हे द्यावंच लागतं का? (वाचक, नाशिक)

नाही. एससी म्हणजे सर्व्हिस चार्ज. तो सरकारचा कर नाही, हॉटेलवाल्याने आपल्या मनाने लावलेली रक्कम आहे. तुमचं बिल असं झालं: ६४० वर १० टक्के, म्हणजे ६४ रुपये सर्व्हिस चार्ज. मग त्या ७०४ वर ५ टक्के जीएसटी, ३५ रुपये २० पैसे. म्हणजे ऐच्छिक रकमेवर पुन्हा करही भरलात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की असा चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, आणि वेगळ्या नावाखालीही घ्यायचा नाही. हॉटेलवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आधी स्थगिती मिळाली, पण २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने त्या सूचना वैध ठरवल्या. तेव्हा टेबलावरच शांतपणे म्हणा, “सर्व्हिस चार्ज काढून बिल द्या.” मॅनेजर दोन मिनिटं नाक मुरडेल, पण काढेल. नाहीच काढला तर बिलाचा फोटो घ्या आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

जीएसटी मात्र द्यावाच लागतो. साध्या रेस्टॉरंटात तो ५ टक्केच, मग एसीत बसा नाहीतर पंख्याखाली. एसीत कर जास्त, हा समज २०१७ च्या नोव्हेंबरपासून जुना झाला. एसी हॉलचे पदार्थच महाग असतात, ते वेगळं. राहायच्या ज्या ठिकाणी खोल्यांचे भाव ७,५०० च्या वर आहेत तिथल्या रेस्टॉरंटात १८ टक्के लागतो. तिथे कॉफी प्यायची तर तयारीने प्या. बिलावर जीएसटीचा पंधरा अक्षरांचा नंबर आहे का बघा, महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो. काही लहान हॉटेलं ‘कंपोझिशन’ योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरायच्या सोयीत असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. नंबर नाही आणि तरी कर लावलाय, असं दिसलं तर विचारा.

दादरच्या एका मालवणी हॉटेलात तळलेलं पापलेट मागवलं. मेनूत भाव नव्हता, ‘एपीएस’ लिहिलं होतं. बिलात एकट्या पापलेटचे १,४५० रुपये! ही फसवणूक नाही का? (वाचक, पुणे)

फसवणूक नाही हो. विचारायचं राहिलं. एपीएस म्हणजे आकाराप्रमाणे भाव. पापलेट, खेकडा, मोठी कोलंबी यांचा दर बाजारात रोज हलतो, म्हणून छापत नाहीत. तुम्ही “पापलेट द्या” म्हणालात, वेटरने आतून मोठं काढलं. त्याला लहान काढायचं काही कारण नव्हतं.

माझी पद्धत सांगतो. वेटरला म्हणायचं, “मासा दाखव.” चांगल्या ठिकाणी तो स्टीलच्या ताटलीत दोन-तीन आकार घेऊन येतो. बोट ठेवून विचारायचं, “हा कितीला?” आकडा ऐकायचा, मग “हा टाक” म्हणायचं. एवढ्याने काम होतं. पण चारचौघांत भाव विचारायचा म्हटलं की आपल्या लोकांची मान खाली जाते. लग्नात सोनं घेताना तासभर घासाघीस करणारा माणूस हॉटेलात मेनूची उजवी बाजू बघायला लाजतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ती ही.

दुसरं म्हणजे “ताजं आहे का?” असं कधी विचारू नका. जगात कुठल्याही वेटरने त्याला “नाही” म्हटलेलं नाही. “आज काय आलंय?” असं विचारा. तो थबकला आणि आत बघून आला तर बरं लक्षण. लगेच सात नावं म्हणून दाखवली तर फ्रीज भरलेला आहे, एवढं समजा. १ जूनपासून निदान ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत पापलेट-सुरमई मिळते ती बहुतेक बर्फातली किंवा लांबून आलेली. पावसाळ्यात मुंबईला आलात तर खाडीचं काही आहे का विचारा, सुकटीची चटणी मागवा, नाहीतर सरळ कोंबडी-वडे घ्या.

पहिल्यांदा खाणाऱ्यांनी एकेक पदार्थ मागवू नये, थाळी घ्यावी. आमटी, तळलेला एक तुकडा, भात, भाकरी किंवा चपाती आणि सोलकढी. थाळीचा भाव माशावर ठरतो आणि तो छापलेला असतो: बांगडा स्वस्त, सुरमई त्याच्या वर, पापलेट सगळ्यात वर. मी बांगड्याच्या बाजूचा. पापलेटाला काटे कमी म्हणून लोक त्याला डोक्यावर घेतात, चवीला बांगडा त्याला दोनदा विकून खाईल.

आणि बोंबील. तो जमला तर स्वयंपाकघर जमलं. बोंबलात पाणी फार. तो चिरून, उघडून, वर वजन ठेवून दाबावा लागतो, पाणी गळू द्यावं लागतं, मगच रवा लावून तळायचा. घाईच्या हॉटेलात हे दाबणं टाळतात. मग वरून कुरकुरीत दिसतो आणि आत लिबलिबीत. नीट दाबलेला बोंबील ताटात सपाट, पानासारखा पडलेला असतो आणि टोकाला धरून उचलला तर वाकत नाही. वाकला तर पुढच्या वेळी दुसरं हॉटेल.

मुलगी २३ वर्षांची, मुलाखतीसाठी एकटीच मुंबईला जाणार आहे. दोन लॉजनी ‘एकट्या मुलीला रूम देत नाही’ सांगितलं. असा कायदा आहे का? आधारकार्डाची झेरॉक्स द्यावी का? (एक पालक, छत्रपती संभाजीनगर)

असा कायदा नाही. सज्ञान बाईला एकटीने खोली घेता येते, आणि सज्ञान जोडप्याला लग्नाचा दाखला मागणाराही कायदा नाही. हे लॉजमालकांचे घरचे नियम. पोलिसांची कटकट नको, शेजारपाजारची चर्चा नको, एवढंच त्यामागे असतं.

आमच्याकडेही तो नियम होता आणि मी तो पाळला. एका पावसाळ्यात रात्री दहाला एक मुलगी आली, हातात फाइल, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. सकाळी परळला परीक्षा. फळ्यावर तीन किल्ल्या होत्या, एकीलाही लाल दोरा नव्हता. मी “फुल आहे” म्हणालो. तिने माझ्यामागे फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता गेली. मालकांचा नियम होता हे खरं, पण “फुल आहे” हे शब्द माझे होते. पुढे दोन वर्षांनी आम्ही तो नियम सोडला, तोही माझ्या सांगण्याने नाही. मालकांच्या नातीलाच पुण्यात कुणी खोली देईना, तेव्हा.

तुमच्या मुलीसाठी: फोनवर काही लपवू नका. “मुलगी एकटी आहे, मुलाखतीला येतेय, रात्री नऊपर्यंत पोचेल” असं सांगा आणि होकार मेसेजवर लेखी घ्या. चोवीस तास काउंटरवर माणूस असलेली जागा बघा. तळमजल्यावरची खोली नको, पॅसेजच्या टोकाची नको. काउंटरवर खोलीचा नंबर मोठ्याने न सांगता किल्ली द्या असं तिने म्हणायचं, शहाणा मॅनेजर समजून घेतो. आतून कडी हवीच, कारण दुसरी किल्ली लॉजकडे असते. कुणी टॉवेल आणलाय म्हणून दार वाजवलं तर “मी टॉवेल मागवला नाही” म्हणून दार न उघडता खाली फोन लावायचा. मुंबई सेंट्रलला रेल्वेचं पॉड हॉटेल आहे, २०२१ मध्ये सुरू झालं, ४८ पॉड. एका रात्रीसाठी तो पर्यायही विचारून बघा. खोली कपाटाएवढी, पण जागा स्टेशनातच.

ओळखपत्र दाखवावं लागतं, कारण कोण राहिलं याची नोंद लॉजला ठेवावी लागते. पण आधारच द्यावं असं नाही, वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्रही चालतं. आधारच देणार असाल तर ‘मास्क्ड’ आधार काढा. आधारच्या सरकारी संकेतस्थळावर मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मूळ कार्ड काउंटरवर ठेवून घेऊ देऊ नका. आमच्या ड्रॉवरमध्ये विसरलेल्या कार्डांचा रबर लावलेला जुडगा होता. त्यांचं पुढे काय झालं, मलाही ठाऊक नाही.

माटुंग्याला एका उडप्याकडे आमच्या टेबलावर अनोळखी माणूस आणून बसवला. वर ताट संपायच्या आत वेटर घुटमळायला लागला. ही काय रीत? (वाचक, सांगली)

उडप्याकडची हीच रीत. तुमच्याकडे पाहुण्याला पाटावर बसवून आग्रह करतात. इथे बाहेर वीस माणसं उभी आहेत आणि त्यातल्या निम्म्यांची लोकल आहे. रिकामी खुर्ची म्हणजे बुडालेला पैसा, म्हणून टेबल वाटून घ्यायचं. शेजारच्याशी बोलायचं बंधन नाही, सांबाराची वाटी सरकवली की झालं.

निवांत जेवायचं असेल तर वेळ बदला: कामाच्या दिवशी सकाळी साडेदहानंतर जा. माटुंग्याला स्टेशनजवळ रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ सालचं. केळीच्या पानावर पोटभर जेवण. ‘बोर्डिंग’ बघून बॅग घेऊन जाऊ नका, बोर्डिंग म्हणजे जेवण. किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास १९४० चं, तिथे रविवारी सकाळी गेलात तर फुटपाथवरच नाव लिहून उभं राहावं लागेल. रसम वडा घ्या आणि फिल्टर कॉफी शेवटी मागवा. आधी मागवली तर ती आधी येते, आणि डोसा येईपर्यंत गार होते.

ज्यांना कुणी उठवू नये असं वाटतं त्यांनी इराण्याकडे जावं. धोबीतलावचं कयानी १९०४ पासून आहे. बनमस्का आणि चहा सांगा, मस्का चहात तरंगेल तो तरंगू द्या. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं, पण ते दुपारच्या जेवणाचं ठिकाण. बेरी पुलाव खायचा तर एकच्या गर्दीआधी पोचा. आणि दादरला उतरलाच आहात तर ‘प्रकाश’चा साबुदाणा वडा आणि पियूष, किंवा शिवसेना भवनासमोर ‘आस्वाद’ची मिसळ. आमच्या लॉजमधून मी रोज चार-पाच कुटुंबांना याच दोन ठिकाणी पाठवत असे. तक्रार एवढीच यायची की उभं राहावं लागलं.

आम्ही न्यू जर्सीहून येतो. मुलांचे पासपोर्ट अमेरिकी. लॉजवाले आम्हालाच इतके कागद का मागतात? एका ठिकाणी तर खोलीच नाकारली. (वाचक, न्यू जर्सी)

परदेशी पासपोर्टचा माणूस राहिला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावी लागते. आम्ही त्याला सी-फॉर्म म्हणायचो. लहान लॉजकडे ते करायची सोय नसते, किंवा रात्रपाळीच्या पोऱ्याला येत नसतं, म्हणून सरळ नाही म्हणतात. तुमच्या मराठीशी किंवा मुलांच्या मराठीशी त्याचा संबंध नाही. बुकिंग करतानाच “परदेशी पासपोर्ट चालतो का?” विचारा आणि पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) यांच्या प्रती बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

हॉटेलात पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येते का? (वाचक, लातूर)

बसून जेवायच्या हॉटेलात येते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तसा निकाल दिला. दुकानात मात्र नाही. म्हणून बसल्या बसल्या वेटर “बिसलेरी की साधं?” विचारतो तेव्हा “साधं” म्हणा. ‘साधं’ हा शब्द मेनूत नसतो, पण वेटरला तो चांगला कळतो.

रूम बॉयला किती द्यावेत? (तिघांनी विचारलंय, म्हणून एकत्र)

निघताना देऊ नका, पहिल्याच संध्याकाळी पन्नास-शंभर द्या. निघताना दिलेल्या पैशांचा तुम्हाला काय उपयोग? आणि सामान उचलणाऱ्याच्या हातात द्या. काउंटरवरच्या माणसाकडे “पोरांना द्या” म्हणून दिलेलं पोरांपर्यंत पोचतंच असं नाही. मी पोचवत होतो. पण माझ्यावर विसंबू नका.

जागा संपत आली. लॉजच्या बाथरूममध्ये बादली असते का, असं परभणीच्या आजोबांनी पोस्टकार्डावर विचारलंय. असते. पाणी घ्यायचा मग मात्र मागावा लागतो.